एका अंशाची चूक

एम-टूची केटी डोक्यावर होती, त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेल्यावर कुणी 'इंजिनिअर' म्हटलं की कसंतरीच व्हायचं. त्यात आमच्या जुन्या हायस्कूलच्या सरांनी गाठलं. "घरी बसून काय करतोस? नववीच्या पोरांना जरा कोडिंग दाखव."

लॅबमध्ये दहा पीसी, चालू चार. एकेकावर सहा-सात डोकी. म्हटलं, पायथनमधलं टर्टल, म्हणजे रेघ ओढणारं कासव दाखवू. हे कासव मूळचं लोगो भाषेतलं. ती भाषा १९६७ साली अमेरिकेत सिमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठीच केली. सुरुवातीचं कासव तर जमिनीवर फिरणारं खरंखुरं यंत्र होतं!

फळ्यावर लिहिलं: १०० पुढे, १४४ अंश उजवीकडे, असं पाच वेळा. की झाली चांदणी.

एका मुलीची चांदणी मात्र जुळेना. बघितलं तर १४४ च्या जागी १४५. मी वाकलो, पाचाचे चार केले, रन मारलं. "झालं बघ."

"दादा, माझं पुसलंत तुम्ही."

मला कळेचना. आपल्याला सवय काय, आउटपुट जुळलं नाही की चूक! ती म्हणाली, "पहिली चांदणी जुळली नाही तरच दुसरी जरा सरकून बसेल ना?" तिने पुन्हा १४५ केले आणि पाचाचे शंभर. कासव सुटलं. चांदणीवर चांदणी, प्रत्येक पाच अंश सरकलेली, मध्ये गोल मोकळी जागा. अगदी संस्कारभारतीची रांगोळी. शंभर व्हायच्या आधीच चित्र पूर्ण झालं, कासव जुन्याच रेघांवरून फिरायला लागलं.

"नेमकं कितव्या रेघेला जुळलं?" तिने विचारलं.

"उद्या सांगतो," म्हणालो. (वायवातलं आपलं ठरलेलं उत्तर.)

रात्री केटी फॉर्मच्या मागे गणित मांडलं. १४५ ची अशी पट हवी, की ३६० ने पूर्ण भाग जाईल. ७२ रेघा, १०,४४० अंश, म्हणजे बरोबर २९ फेरे. एम-टूच्या पेपरातही इतका रमलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ऐटीत गेलो, तर लाइट नाही. तिने वही पुढे केली. करून बघून लिहिलेलं: १४५ ला ७२, १४६ ला १८०, १४७ ला १२०, १५० ला १२.

"दादा, १४९ ला?"

मी मनात भागाकार केला. "३६०."

"लाइट आली की बघू," ती म्हणाली.