गाडीची मोठी सर्व्हिस आणि घरचा हिशेब

आम्ही पेणला राहतो. जुनी घेतलेली पिवळ्या पाटीची इंडिका डिझेल गाडी हेच आमच्या घराचे पोट होते. पाळीच्या चार कामगारांना रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत न्यायचे आणि आणायचे, हा रोजचा धंदा. वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंड. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले, तेव्हापासून खड्ड्यांनी गाडीची हाडे खिळखिळी केली होती.

2014 च्या मार्च महिन्यातली गोष्ट. मीटरवर 1,18,000 किलोमीटर झाले होते. आमची मुलगी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेत होती. तिने विचारले, "बाबा, टायमिंग बेल्ट कधी बदलला?" आम्ही गप्प. आम्ही गाडी घेतल्यापासून ऑइल सोडून काही बदललेच नव्हते. गाडी चालते आहे ना, मग झाले!

मिस्त्रींनी झाकण उघडून दाखवले. पट्ट्याला भेगा पडलेल्या, कडा उसवलेल्या. ते म्हणाले, "दादा, हा पट्टा तुटला तर गाडी नुसती थांबणार नाही. आत व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतील, हेड खोलावे लागेल. आणि हे रात्री खिंडीत झाले तर?" आमच्या डोळ्यांसमोर मागच्या सीटवर झोपलेले कामगार आले. त्यांचीही घरी वाट पाहणारी माणसे आहेत.

सगळे काम मिळून हिशेब झाला 19,500 रुपये. घरात 20,000 होते, पण ते मुलाच्या बारावीच्या क्लासचे. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. त्या पैशाला हात कसा लावायचा? त्या रात्री आम्ही नवरा-बायको जेवलो नाही. शेवटी आजी म्हणाली, "अरे, गाडी बसली तर क्लास पण बसेल आणि चूल पण."

मिस्त्रींनीच मार्ग काढला. जे तुटले तर माणूस मरेल ते आधी, जे त्रास देईल ते नंतर. पहिल्या खेपेला टायमिंग बेल्ट व टेन्शनर 2,200, पाण्याचा पंप 1,100, ऑइल व तिन्ही फिल्टर 2,400, ब्रेकपॅड व शू 1,800, कूलंट व ब्रेक ऑइल 700, मजुरी 2,300, एकूण 10,500. पंप अजून चालत होता, पण पुढचा भाग उघडलाच आहे तर पुन्हा मजुरी कशाला, म्हणून बदलला. क्लच 4,300, बुश व बॉल जॉइंट 2,700 आणि त्याची मजुरी 2,000, हे 9,000 रुपयांचे काम पुढच्या महिन्यात, पासिंगच्या आधी केले. उरलेल्या पैशातून क्लासचा पहिला हप्ता भरला.

काम दोन दिवस चालले. मुलगी मिस्त्रींच्या हाताखाली उभी राहिली, खुणा जुळवून पट्टा बसवताना तिने स्वतः पाना धरला. गॅरेजमधली पोरे आधी हसली, मग बाजूला सरून जागा देऊ लागली. त्या क्षणी खर्चाचे दुःख आम्ही विसरलो.

20 मार्चला आम्ही त्याच गाडीने आजीला घेऊन महाडला गेलो. 1927 साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हा गावोगावची आपली माणसे कष्टाने तिथे पोहोचली होती. आज आपण स्वतःच्या गाडीने जातो. ती नीट ठेवणे हीसुद्धा आपली जबाबदारी आहे.

तथागतांनी शेवटच्या उपदेशात अप्रमाद सांगितला. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे. तो विहारात वंदनेपुरता नाही, गाडीच्या झाकणाखालीही लागतो.

रिक्षा, मिनीडोर, जीप चालवणाऱ्या आमच्या बांधवांना एवढेच सांगणे: दर किलोमीटरमागे पन्नास पैसे डब्यात टाका. 40,000 किलोमीटरला 20,000 रुपये होतात. आम्ही हे उशिरा शिकलो. पण त्यानंतर मोठ्या कामासाठी मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला पुन्हा हात लावावा लागला नाही.

जयभीम!