विसरलेले देव

डेंग्यू उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. पडल्यापडल्या नील गेमनची ‘अमेरिकन गॉड्स’ (२००१) वाचत राहिलो. स्थलांतरितांनी सोबत आणलेले देव तिथे विस्मरणाने खंगत जातात. ओडिनसारखा देवसुद्धा लोकांना गंडवत पोट भरतो. त्याच्याबद्दल माया दाटून आली.

आमच्या नागपूरची मारबत डोळ्यांसमोर आली. जागनाथ बुधवारीची पिवळी मारबत १८८५ पासून निघते. तान्ह्या पोळ्याला, ढोलताशांत, कागदाबांबूची ती उंच बाई. लोक तिच्या पाया पडतात, रोगराई घेऊन जा म्हणतात आणि शेवटी तिलाच जाळतात. सोबतचे बडगे, म्हणजे पुतळे, दरवर्षी नवे: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार.

जळूनही ती कशी टिकली? गेमनच्या देवांना जाळायलाही कुणी उरलं नव्हतं. यंदा गर्दीत उभा राहून तिला माझा तापही ने म्हणेन. मनापासून.