कणकुंबीपर्यंत

वाळपईला येणारे पाहुणे समुद्र डोक्यात घेऊनच येतात. गोवा म्हणजे समुद्र, हे त्यांच्या मनातून काढायला मला दरवेळी अर्धा दिवस लागतो. आमच्या सत्तरी तालुक्याला किनाराच नाही. आहेत ते डोंगर, कुळागरं आणि म्हादई.

यंदा दिवाळी झाल्यावर नरगुंदहून वन्सं, त्यांचे यजमान आणि मुलगा आले. येताना बेळगावहून अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन आले. अक्का ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा आजवरचा सगळा प्रवास यात्रेचा. कुंभोज, श्रवणबेळगोळ, एकदा सम्मेदशिखरजी. नुसते डोंगर बघायला म्हणून त्या कधी घराबाहेर पडल्याच नव्हत्या. आपल्यातल्या किती बायका पडल्या असतील, सांगा बघू! देवाचं निमित्त असल्याशिवाय आपल्याला गाडीत जागा कुठे मिळते?

बेत असा ठरला : सकाळी तांबडी सुर्ला, मग केरीवरून चोर्ला घाट चढायचा, जेवण कणकुंबीला. तिथून त्यांनी बेळगावला जायचं, आम्ही मागे फिरायचं. रात्रीचं जेवण दोन्हीकडे दिवस मावळायच्या आत व्हायला हवं, त्यामुळे आमच्या सहलीचं घड्याळ म्हणजे सूर्य. पहाटे चारला मी धपाटे लाटायला बसले. शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याच्या काचऱ्या, गूळपोळ्या. अक्कांची तयारी वेगळीच. पितळेची कळशी, झाकणाचा लोटा आणि दुहेरी घडीचं गाळणं. बाटलीतल्या पाण्याला त्या हात लावत नाहीत.

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. काळा दगड, भोवती रान, मागे नदी. त्या काळातलं गोव्यात धड उभं राहिलेलं हे एकच. आडबाजूला होतं म्हणून वाचलं, असं म्हणतात. हा दगड इथला नसून घाटावरून आणलेला, असंही मानतात. वन्सं लगेच म्हणाल्या, "म्हणजे माहेरचाच की आमच्या!" मंडपाच्या छतात कोरलेलं कमळ आहे. अक्का मान वर करून कितीतरी वेळ ते बघत राहिल्या. "आपल्या कमलबस्तीत असंच हाय," एवढंच म्हणाल्या. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची. नेमिनाथांच्या दर्शनाला गेलं की मुलं आधी छताकडेच बोट दाखवतात. मी वाळपईत राहून हे देऊळ दहा वेळा पाहिलं असेल, पण बस्तीची आठवण मला कधी झाली नव्हती.

परतताना दाबोसजवळ म्हादईच्या काठी थांबलो. अक्कांना पाणी भरायचं होतं. गुडघे दुखत असूनही त्या हाताला धरून खाली उतरल्या, आणि त्यांनी स्वतः पाणी गाळलं. गाळण्यावर राहिलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, त्या पाण्याने हलकेच धुऊन नदीतच सोडली. हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण आता घरोघरी नळाला फिल्टर लागल्यावर ते करतो कोण? गाळलेलं पाणी दोन घटकाच चालतं, म्हणजे ४८ मिनिटं. पुढे पुन्हा गाळायचं, आणि त्याची जिवाणी जपून ठेवून जिथलं पाणी तिथेच नेऊन सोडायची.

गाडीत बायका मागे, हे चालवायला. वन्संचे यजमान आणि भाचा त्यांच्या गाडीत पुढे गेलेले. केरीजवळ अंजुणे धरणाचं पाणी दिसलं आणि वन्सं म्हणाल्या, "तुम्ही बांधलेलं धरण चालतंय. आम्ही मागितलं की म्हादई तुमची आई होते!" झालं. घाट चढायच्या आधीच भांडणाला तोंड फुटलं.

वन्संचं शेत मलप्रभेच्या कालव्यावर. सौंदत्तीजवळचं धरण भरेना, म्हणून म्हादईचं पाणी वळवून मलप्रभेत सोडा, अशी त्या भागाची मागणी. त्यासाठी नरगुंदचे शेतकरी २०१५ पासून आंदोलनाला बसले होते. वन्संही जाऊन बसत. ह्यांचं म्हणणं, नदीचं पाणी वर अडवलं तर खाली मांडवीत खारं पाणी चढेल, अभयारण्याचं काय होईल, आमच्या दाबोसच्या नळाला काय येईल? २०१८ साली लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी वाटून दिलं, ते कुणालाच पटलं नाही. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. चोर्ल्याच्या वळणांवर दोघांनी हे सगळे आकडे एकमेकांवर फेकले. खाली दरी, हिरव्याचे किती रंग, लांबवर एक वझर कोसळत होता, आणि ह्या दोघांना टीएमसी! मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं, म्हणून तर ते मिटत नव्हतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर येतो, हे मात्र ह्यांनी सांगितलं नाही. आणि उसाला किती पाणी लागतं, ते वन्संनी.

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "गाडी थांबीव रे जरा." मला वाटलं, मळमळतंय. तर नाही. उतरल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, दहाएक मिनिटं दरी बघितली आणि परत येऊन बसल्या. "कशाला थांबवली?" वन्संनी विचारलं. "बघायला," अक्का म्हणाल्या.

कणकुंबी ही मोठी गमतीची जागा. इथे माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथून जवळच कळसा नाला, तो पश्चिमेला म्हादईकडे उतरतो. एकाच गावावर पडलेला पाऊस, थोडा ह्या समुद्राला, थोडा त्या. वन्सं मागत होत्या ते पाणी ह्या कळशाचं.

झाडाखाली सतरंजी घातली. अक्कांनी कळशीतलं पाणी पुन्हा गाळलं आणि जिवाणी लोट्यात घेतली. जेवणं झाली. वन्सं लोटा उचलून म्हणाल्या, "द्या, इथल्या पाण्यात सोडून येते."

"हे पाणी कुठं जातंय?" अक्कांनी विचारलं.

"आज्जी, ही मलप्रभा," भाचा म्हणाला. "आमच्या धरणात जाते."

"मग इथं कसं सोडायचं? ते तिकडचं हाय."

कुणीच काही बोललं नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, मी डोळे मोठे केले तेव्हा ते आवरलं. वन्संचं तोंड मात्र पडलं. "अक्का, मग आमच्या शेताला पाणी नको काय?"

"पाहिजे की. तुझ्या शेताचं कुठं बोलले मी? मी ह्या लोट्यातलं म्हणाले."

वन्संनी लोट्याचं झाकण घट्ट दाबलं आणि तो माझ्या हातात दिला. साडेतीनला त्यांची गाडी जांबोटीच्या रस्त्याला लागली. उरलेले धपाटे मी दोन डब्यांत वाटले, निम्मे त्यांना.

घाट उतरताना लोटा माझ्या मांडीवर. प्रत्येक वळणाला हे म्हणत, "सांडेल हं." वाळपईत घरावरूनच पुढे गेलो. दाबोसला पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. काठ निसरडा होता. ह्यांनी माझा हात धरला, मी खाली बसून लोटा पाण्याला टेकवला आणि तिरका केला. मग तिथेच दगडावर बसून दोघांनी धपाटे खाल्ले, उजेड होता तोवर.

घरी आलो तर वन्संचा फोन. बेळगाव जवळ आलं होतं, वाटेत गाडीतच जेवले होते.

"सोडलंस काय गं?"

"सोडलं, वन्सं."

मागून अक्कांचा आवाज आला. मग वन्सं म्हणाल्या, "अक्का विचारतायत, उंचावरनं नाही ना टाकलं?"