डाव्या पायाचा निर्णय कुणाचा?

खडकीत फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या पोरांबद्दल एक वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतो आहे : "ही पोरं मुळातच काटक असतात." बोलणारा कौतुकच करत असतो, पण त्यातली मेख ओळखा. काटक आहे म्हणजे त्याने काही कमावलं नाही, जन्मतःच मिळालं. दुसऱ्याच्या मुलाने चांगला पास दिला की त्याला खेळाची समज आहे. आपल्याने दिला तर दमसास आहे. डोकं त्यांचं, फुप्फुसं आपली. जातीने कामाची वाटणी अशीच केली होती.

मग या काटक पोराला संघात मागे उभं करतात. बॉल आला की लांब मार, बास. तीन-चार वर्षांनी निवड चाचणीत त्यालाच सांगतात की तुझा फर्स्ट टच कच्चा आहे, डावा पाय चालत नाही. कसा चालेल? तो वापरायची वेळच आणली नाही ना!

संघाचा सराव वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण हिशेब करा. वीस-पंचवीस मुलं, चार-पाच बॉल, दीड तास, त्यात रांगा. पूर्ण ९० मिनिटांच्या सामन्यातही एका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. शिवाय कोचला रविवारचा सामना जिंकायचा असतो, म्हणून तो तुमच्याकडे जे आहे ते वापरतो. जे नाही ते मिळवायला वेळ तुम्हालाच काढावा लागतो.

इथे मला पळवणकर बाळू आठवतात. चांभार समाजातले हे महान डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यातच घडले. त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते अशी एक नोंद आहे. दुसरी म्हणते पलटणीत होते. बाळू पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी लाटायचे, जाळी लावायचे आणि साहेबांना गोलंदाजी करायचे. ग्रेग नावाचा फलंदाज तर इतरांच्या तासभर आधी येऊन त्यांच्यासमोर खेळायचा. सराव ग्रेगचा, हात बाळूंचा. पण तेवढ्या चेंडूंत बाळूंनी आपली विद्या पक्की केली, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. (१९३७ ला ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि हरले, हे मला माहीत आहे. म्हणून त्यांची गोलंदाजी मी परक्याला देणार नाही.) मात्र एक गोष्ट विसरू नका. त्या क्लबात इतकी वर्षं चेंडू टाकूनही त्यांना एकदाही बॅट हातात दिली नाही, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. दुसऱ्याच्या गरजेवर चाललेल्या सरावात तुम्ही तेवढंच शिकता, जेवढं त्याला लागतं.

म्हणून आमच्या वस्तीतल्या पोरांना मी वही घ्यायला लावली. वहीच्या पहिल्या पानावर फक्त एक ओळ : मला काय येत नाही. ती ओळ कोचने लिहायची नाही, मीही नाही. एकाने लिहिलं, "बॉल येण्याआधी मागे बघत नाही." तेरा वर्षांच्या पोराने स्वतःचा खेळ असा वाचला, हे मला एखाद्या गोलापेक्षा मोठं वाटतं. मग भिंत. भिंतीपासून पाच-सहा पावलं, उजव्याने पन्नास पास, डाव्याने शंभर. प्रत्येक वेळी बॉल परत येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे नजर. बॉल नसेल तर रबरी चेंडू चालतो; लहान चेंडू अडवता आला की मोठा सोपा जातो. वीस मिनिटं पुरेत. गुडघ्याखालचं हाड दुखायला लागलं तर थांबायचं. वाढत्या वयात ते दुखतं, आणि दुखणं सोसण्यात कसली मर्दानगी नाही.

काही कार्यकर्ते मला विचारतात, एकेकट्याने भिंतीशी खेळायला शिकवून तुम्ही मैदानाची मागणी बोथट करताय का? प्रश्न रास्त आहे. खडकी म्हणजे छावणी. मोकळी जागा दिसते भरपूर, पण फाटकाआतली. ती मागणी सोडायची नाहीच. पण 'झुंड' पाहिल्यापासून आपल्याकडे सगळे कुणी सर येण्याची वाट बघत बसलेत. अरे, नागपुरात विजय बारसे सरांना २००१ मध्ये पोरं दिसली तेव्हा ती भर पावसात फुटकी बादली लाथाडत होती. सर यायच्या आधीच खेळ सुरू होता! आणि मैदानाचा अर्ज घेऊन जाताना सोबत तीस पोरांच्या भरलेल्या वह्या असतील, तर "काटक आहेत, कुठेही खेळतील" असं म्हणणाऱ्याला आपण कागद दाखवू शकतो.

खरी अडचण मुलींची आहे. आमच्यातल्या एकीच्या वहीत सलग नऊ दिवस कोरे होते. विचारलं तर म्हणाली, पाण्याची वेळ आणि भिंतीची वेळ एकच येते. त्या घरी जाऊन बोललो. आई लगेच तयार झाली. भाऊ कुरकुरला, तोही संघात खेळतो म्हणून. आता सोमवार, बुधवार आणि शनिवारी तो हंडे भरतो. बाकीच्या दिवसांचं बोलणं अजून चालू आहे.