किती दिवस ठेवायचं?

नव्वदच्या दशकात विद्यापीठाचा न्यूज सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे एक फाइल असायची, एक्सपायर डॉट सीटीएल. रिच सॉल्झ यांनी १९९२मध्ये आणलेल्या आयएनएन या सॉफ्टवेअरचा हा छोटासा भाग. यूजनेट या विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावरून जगभरातले लेख आपल्या डिस्कवर येत, आणि त्यांतला कुठला किती दिवस राहील ते या फाइलवर ठरे. अमेरिकेत शिकत असताना काही काळ ती माझ्या ताब्यात होती. संगणकावर पुढे पुष्कळ कामं केली, पण इतकं जबाबदारीचं काम क्वचितच वाट्याला आलं.

एका ओळीत पाच रकाने. पहिल्यात गटाचं नाव, दुसऱ्यात गट संपादकाच्या देखरेखीखालचा आहे की खुला, आणि पुढे तीन आकडे. मधला आकडा साध्या लेखासाठी. तिथे १० असलं की दहा दिवसांनी लेख गेला. बाजूच्या दोन आकड्यांत मात्र खरी गंमत होती. लिहिणाऱ्याला आपल्या लेखावर ‘अमुक तारखेपर्यंत ठेवा’ अशी विनंती घालता यायची. नेहमीच्या शंकांची उत्तरं गोळा करून दर महिन्याला टाकणारी मंडळी ती घालत, म्हणजे नवी आवृत्ती येईपर्यंत जुनी टिकायची. पहिला आकडा म्हणे, तारीख कितीही जवळची असो, निदान इतके दिवस ठेवू. तिसरा म्हणे, कितीही लांबची असो, याच्यापुढे नाही. लिहिणाऱ्याची इच्छा आणि ठेवणाऱ्याची ऐपत यांचा इतका समंजस मेळ मी नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहिला नाही.

ऐपत खरोखरच बेताची होती. त्या काळी प्रत्येक लेख म्हणजे डिस्कवर एक स्वतंत्र फाइल. कधी जागा शिल्लक असायची, पण आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी डिस्कवर लागणाऱ्या नोंदी, संपायचे, आणि मग नवा लेख आत येईना. ऑल्ट डॉट बायनरीजमधले चित्रांचे आणि प्रोग्रामचे गट सगळ्यांत खादाड, त्यांना एखाद-दोन दिवस. चर्चेच्या गटांना आठवडा, दोन आठवडे. एकाच गटाला अनेक ओळी लागू पडल्या तर शेवटची ओळ खरी, म्हणून सर्वांसाठीचा नियम वर आणि अपवाद खाली लिहायचे. माझ्याकडे सगळ्यांत खाली सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी होता, महिनाभराच्या मुदतीचा. रोमन लिपीत लिहिलेलं ते मराठी वाचायला अवघड जाई, पण परीक्षेच्या धामधुमीत ज्याला वाचता आलं नाही त्याला नंतर तरी सापडावं, असं मला मनापासून वाटे. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, न्यूज डॉट डेली हा प्रोग्राम चालायचा आणि मुदत संपलेलं सगळं निघून जायचं.

लेख गेला तरी त्याची ओळख लगेच पुसली जात नसे. फाइलच्या सुरुवातीला ‘रिमेंबर’ची एक ओळ असे, आणि ती सांगेल तितके दिवस सर्व्हर लेखाचा आयडी लक्षात ठेवी. लेख एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे अनेक वाटांनी फिरत. एखादी प्रत लांबच्या वाटेनं उशिरा पोचली, तर काढलेलाच लेख नवा म्हणून पुन्हा आत यायचा. ते टाळण्यासाठी ही तजवीज.

हे सगळं कायमचं जपायचं, असं तेव्हा फार थोड्यांच्या मनात आलं. टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातले लेख चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवले. अशा १४१ टेपा होत्या. पुढे त्यांतले सुमारे वीस लाख लेख २००१मध्ये गूगलनं उघडलेल्या जुन्या यूजनेटच्या संग्रहात आले. इतर सर्व्हरांनी आठवड्या-दोन आठवड्यांत काढून टाकलेलं बोलणं आज वाचायला मिळतं ते या चिकाटीमुळे, आणि त्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

आज डिस्कची चणचण नाही. आयएनएन अजून चालतं, आणि नुसता मजकूर घेणारा सर्व्हर मुदतीच्या जागी ‘नेव्हर’ लिहून मोकळा होऊ शकतो. तो जुना संग्रह जिथे आहे त्या गूगल ग्रुप्सनं मात्र फेब्रुवारी २०२४पासून यूजनेटचे नवे लेख घेणं थांबवलं.

मुदतीचा प्रश्न आता घराघरात आलाय. व्हॉट्सॲपवर संदेश नाहीसे व्हायला चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस निवडता येतात. पण एका गटाला एकच मुदत. सकाळचं शुभेच्छांचं चित्र आणि मावशीनं सांगितलेलं गोडा मसाल्याचं प्रमाण, दोन्हींना तीच. हवा तो संदेश राखून ठेवायची सोय आहे आणि तो राखू न देण्याचा हक्क पाठवणाऱ्याला आहे, हे मला आवडलं. तरी निवड त्या तीन मुदतींतूनच. विद्यापीठात एखादा विद्यार्थी दारात येऊन म्हणायचा, ‘आमचा गट जरा जास्त दिवस ठेवता येईल का?’ मी डिस्कवरची जागा बघायचो, जमत असेल तर त्याच्यासमोर एक ओळ वाढवायचो, आणि त्याच रात्रीपासून ती लागू व्हायची. जमत नसेल तर का नाही, तेही त्याला तिथेच कळायचं.