दगडू

आबांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली. चौथ्या खेपेला पणजीनं सटवाईलाच चकवायचं ठरवलं. बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं ‘सापडलं गं’ म्हणत उचललं आणि पणजीनं तिच्याकडून ते पसाभर कोंड्याला विकत घेतलं. नाव ठेवलं दगडू. दगड कोण कशाला नेईल?

केरू, कचरू, भिकाजी ही याच लबाडीची नावं. नाक टोचून मुलगी भासवलेला नथूही त्यातलाच. धोंडूचं मात्र सांगता येत नाही. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात जन्मला म्हणूनही धोंडू होतो. धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२ असे १०४ वर्षं जगले. आबांना तेवढाच पुरावा पुरे होता. “बघ, धोंडा कसा टिकतो!”

शाळेत मात्र या नावानं त्यांना रडवलं. मास्तर ‘दगड्या’ म्हणायचे आणि वर्ग हसायचा. ‘बलुतं’ (१९७८) वाचताना मी म्हणूनच थबकलो. तिथे दया पवारांना आपली कहाणी ऐकवतो तो दगडू मारुती पवार, म्हणजे तेच. लिहिणारा दया झाला, सोसणारा दगडूच राहिला. पुण्यात दगडूशेठ म्हटलं की लोक हात जोडतात, ती गोष्ट निराळी. दगडाचं असंच असतं म्हणा. बांधावर असला तर ठेच, शेंदूर लागला की म्हसोबा.

आमच्या घरात या नावाची खरी पंचाईत आजीची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तिच्या तोंडी दगड हा शब्दच नव्हता. भिंत धोंड्यांची, चूल तीन धोंड्यांची. उखाण्यात तेवढं नाव यायचं, तेही पदरात तोंड लपवून.

आबा गेले. स्मशानात मडकं फोडलेला जीवखडा आम्ही दहाव्यापर्यंत जपायला आणला. थोरल्या काकांनी तो फडक्यात गुंडाळून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. रात्री पाऊस आला, कोनाडा गळायला लागला. आतून आजीची हाक आली.

“अरे, दगड भिजतोय. आत घ्या त्याला.”