चाळीस टक्के चांदी

कोपनहेगनला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, फ्रेडरिक्सबर्गच्या टाउन हॉलमागे शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मला दहा ओरेचं एक नाणं मिळालं. काळपट, अंगठ्याच्या नखाएवढं. घरी आणून ते चिंचेच्या कोळात घातलं. आई देवाची तांब्याची भांडी चिंचेनंच घासायची, त्यामुळे हात आपसूक तिकडे वळला. नाणं लखलखलं, पण तांबूस होऊन. आकड्यांच्या खाचांतला काळेपणा निघून गेला आणि त्याच्या आधारानं वाचता येणारं सालही पुसट झालं. फार वाईट वाटलं. त्यानंतर मी एकही जुनं नाणं घासलेलं नाही.

पण त्या तांबूस रंगानंच मला पुढचं शिकवलं. डेन्मार्कनं १८७५ मध्ये रिग्सडालर आणि स्किलिंग सोडून शंभर ओरेंचा क्रोन स्वीकारला. एका क्रोनच्या नाण्यात ८० टक्के चांदी, २५ ओरेत ६० आणि १० ओरेत फक्त ४०; बाकी तांबं. गरिबाच्या नाण्यात हीण जास्त, असंच मला वाटलं. मग हिशेब मांडला. क्रोन साडेसात ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी ६ ग्रॅम. दहा ओरेचं नाणं १.४५ ग्रॅमचं, त्यात चांदी ०.५८ ग्रॅम. जवळजवळ दहावा हिस्सा! क्रोनच्याच कसाचं केलं असतं, तर ते पाऊण ग्रॅमचंही भरलं नसतं; बोटांतून निसटलं असतं. तांब्यामुळे ते हातात धरण्याजोगं झालं. ‘हिणकस’ हा शब्द आता या नाण्यांसाठी माझ्या तोंडी येत नाही.

गेल्या वर्षी त्याच बाजारात दहा ओरेचं आणखी एक नाणं मिळालं. राजा ख्रिश्चन नववा, पण गाल आणि कान झिजून सपाट. मागे डॉल्फिन आणि सातूचं कणीस मात्र ठसठशीत. सालाचा तिसरा आकडा गेलेला. १८७४, १८८४ की १८९४? खिडकीपाशी तिरप्या उन्हात, भिंग घेऊन नाणं फिरवत बसलो. कोपनहेगनच्या टाकसाळीची खूण असलेलं इवलंसं हृदय दिसलं. मग टाकसाळप्रमुखाच्या आद्याक्षरांतलं शेवटचं अक्षर उमटलं: ‘पी’. व्ही. बी. पी., म्हणजे विल्हेल्म बुखार्ड पोल्सन. त्यांची अक्षरं १८९० च्या दशकापासूनच नाण्यांवर येतात, आधीच्यांवर ‘सी. एस.’ असतं. म्हणजे १८९४! मी आनंदानं बायकोला हाक मारली.

मग नाणं काट्यावर ठेवलं. १.३४ ग्रॅम. अकरा शतांश ग्रॅम कमी. ते कुणाच्या खिशात, कुठल्या बेकरीच्या गल्ल्यात झिजले, हे कुठल्याच खुणेवरून कळणार नाही. पण त्या हातांची तेवढीच नोंद उरली आहे. म्हणून नाण्याच्या कागदी पाकिटावर मी सालाखाली दोन्ही वजनं लिहितो: टाकसाळीतून निघालं तेव्हाचं आणि माझ्यापर्यंत पोचलं तेव्हाचं.